सांगोला विधानसभा मतदारसंघ : अकरा विजय, १९२ मते आणि ७६८ मते

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. दोनदा घरी बसवले, १९७२ आणि १९९५ ला. पक्ष शेवटपर्यंत एकच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). २०१९ ला वयाच्या नव्वदीत त्यांनी स्वतःहून निवडणूक सोडली आणि ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे सोलापुरात निधन झाले.

आधी दोन आकडे नीट करून घेऊ, कारण ते वारंवार चुकीचे छापले जातात. ५४-५५ वर्षे आमदारकी हा आकडा १९७२-७४ आणि १९९५-९९ हे खंड पूर्ण वजा न करता काढलेला असतो. ते वजा केले की पन्नास-एक्कावन्न वर्षे भरतात. दुसरे, ‘देशात सर्वाधिक वेळा’ हा दावा टिकत नाही. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते. विक्रमाने या प्रकरणाचे महत्त्व वाढतही नाही. बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसलेल्या, राज्यात आक्रसत गेलेल्या पक्षाच्या आमदाराने पावसाची वानवा असलेला तालुका इतका काळ कसा राखला, आणि जिथे तो निसटला तिथे नेमका कशामुळे, एवढाच इथे प्रश्न आहे.

मतदारसंघाची जात-कुळी

सांगोला हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, माण नदीच्या काठाने पसरलेला. शेजारी आटपाडी, जत, मंगळवेढा, पंढरपूर, माळशिरस. २००८ च्या पुनर्रचनेनंतर पंढरपूर तालुक्यातला भाळवणीकडचा पट्टाही या मतदारसंघात आहे. लोकसभेला हा माढ्यात मोडतो. धनगर समाजाची मते इथे मोठी आहेत आणि गणपतरावही त्याच समाजातले. बाहेरचे विश्लेषक बहुधा इथेच थांबतात. पण १९७२ आणि १९९५ ला हा समाज काही तालुका सोडून गेला नव्हता, तरी निकाल उलटा लागला. जातीचे गणित हा पाया होता, त्यावरची इमारत पाण्याच्या मागणीवर उभी राहिली.

पाण्याची गोम अशी की सांगोल्याच्या हद्दीत अडवण्याजोगे पाणीच थोडे. जे यायचे ते बाहेरून. नीरा उजवा कालवा वीर धरणातून निघतो आणि फलटण, माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याला टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, येतो. टेंभू योजना कृष्णेचे पाणी कराड तालुक्यातल्या टेंभूपासून टप्प्याटप्प्याने उचलते आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी असे वाटेतले तालुके ओलांडून माणच्या खोऱ्यात आणते. म्हैसाळ योजना मिरज तालुक्यातून निघते, तिचेही शेपूट इकडे. तिन्हींच्या बाबतीत सांगोला शेवटून पहिला. वरच्या तालुक्यांचे आमदार सत्तेत, पाणी आधी त्यांच्या शिवारात, आणि आपला आमदार विरोधात. कागदावर ही हरण्याचीच मांडणी आहे.

विरोधी आमदाराच्या हातात असते काय

‘कामाचा आमदार’ म्हणजे निधी आणणारा, असे आपण धरून चालतो. सांगोल्यापुरता हिशेब मांडून पाहा. गणपतरावांच्या शेवटच्या कार्यकाळात महाराष्ट्रात स्थानिक विकास निधी वर्षाला दोन कोटी होता. (तो २०२० नंतर पायरीपायरीने पाच कोटींवर गेला.) तालुक्यात शंभराच्या घरात गावे. समान वाटले तर गावाला दोन लाख. त्यात एक सभामंडप होत नाही, फार तर थोडा काँक्रीट रस्ता होतो. आमदार फक्त काम सुचवतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी कार्यालयातून नियोजन शाखेमार्फत, तांत्रिक मान्यता कार्यकारी यंत्रणेकडून, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. जागेचा उतारा ग्रामपंचायतीच्या नावावर नसला की प्रकरण परत. शिफारशीचे पत्र देऊन आमदार मोकळा होतो आणि जागेचा ठराव आणायला कोणी नसते, म्हणून मार्च अखेरीस निधी पडून राहिलेला दिसतो. हे सगळ्याच मतदारसंघांत घडते. टेंभूसारखी योजना मात्र या निधीच्या आवाक्यातच नाही. १९९५-९६ ला तिला मान्यता मिळाली तेव्हाच तिची किंमत चौदाशे कोटींच्या घरात होती. पुढे ती सुप्रमांमागून सुप्रमा घेत कित्येक पटींनी फुगली.

सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, ही पाटबंधाऱ्यातली खरी खिंड. मूळ मान्यतेची रक्कम खर्चून झाली की नव्या दरसूचीने अंदाजपत्रक होते, मंत्रालयात छाननी होते, वित्त विभागाचा शेरा पडतो, मग मान्यता. तोवर ठेकेदाराचे यंत्र उभे. मुख्य कालवा होतो, उद्घाटन होते, पण वितरिका आणि पोटचाऱ्यांचा, म्हणजे रानापर्यंत पाणी नेणाऱ्या फाट्यांचा, पैसा पुढच्या सुप्रमात अडकतो, म्हणून पाणी गावाच्या शिवेपर्यंत येते आणि रानात येत नाही. त्यावर आणखी दोन अडथळे. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि फेरविचारासाठी ३१ मे २००० ही तारीख ठेवली. तोपर्यंत धरणे बांधून पाणी अडवण्याची घाई झाली, १९९६ ला कृष्णा खोरे महामंडळ निघाले, कर्जरोखे काढले गेले. अडवणे झाले, उचलून वाटणे मागे पडले. पुढे अनुशेषाच्या निकषावर राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश आले. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष खराच होता, पण ‘पश्चिम महाराष्ट्र’ या एकाच खणात सांगोला आणि कराड-वाळवा एकत्र पडले. समृद्ध शेजाऱ्यांच्या सरासरीत दुष्काळी तालुक्याची गरज बुडाली.

अशा वेळी विरोधी आमदाराकडे चार गोष्टी उरतात : सभागृहातली आयुधे, सभागृहाबाहेरची चळवळ, कालवा सल्लागार समिती आणि तालुक्याची आमसभा. गणपतरावांनी चारही वापरल्या.

सभागृहात तारांकित प्रश्न, नियम १०५ ची लक्षवेधी, ९७ चा स्थगन, २९३ खालची चर्चा, मागण्यांवरच्या कपात सूचना, पुरवणी मागण्यांवरचे भाषण. नवा आमदार लक्षवेधीच्या मागे लागतो, कारण ती बातमीत येते. पाण्याच्या कामाला पुरवणी मागण्या आणि अर्थसंकल्पी मागण्यांवरची चर्चा जास्त उपयोगी. तिथे लेखाशीर्षासमोरचा आकडा दिसतो. एखाद्या योजनेपुढे नाममात्र तरतूद असेल तर याचा अर्थ काम जिवंत दाखवायचे आहे, करायचे नाही. तो आकडा धरून मंत्र्याला विचारले की उत्तर द्यावे लागते, आणि उत्तरात ‘करण्यात येईल’ आले की ते आश्वासन होते, आश्वासन समितीकडे जाते. गोलमाल विचारलेल्या प्रश्नाला ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर ठरलेले. म्हणून प्रश्नात गाव, वितरिकेचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि आजवरचा खर्च घालावा लागतो. ही माहिती मंत्रालयातून मिळत नाही. ती शाखा अभियंत्याशी बोलणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्याकडून येते. गणपतराव स्वतः वकील होते, १९७७-७८ मध्ये विरोधी पक्षनेतेपद त्यांनी सांभाळले होते, आणि सभागृहाच्या नियमांवर त्यांची पकड होती. पण त्यांच्या प्रश्नांना धार यायची ती खालून आलेल्या तपशिलामुळे.

चळवळीचा भाग १९९३ पासूनचा. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडीत सुरू केली. इथे एक अवघड निर्णय होता. ‘सांगोल्याला पाणी द्या’ अशी एकट्याची मागणी केली असती तर आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हेच प्रतिस्पर्धी ठरले असते. तेरा तालुक्यांनी एकत्र समन्यायी वाटप मागितले. मागणी कृष्णेच्या पाण्याच्या वाटणीची झाली आणि वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना तिच्यावर सही करता येऊ लागली. परिषद दरवर्षी भरत राहिली. सरकारे बदलली, मंत्री बदलले, पण मागणीचा कागद तोच राहिला. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा डाव हाच होता, मंत्रिपदे नव्हेत.

कालवा सल्लागार समितीबद्दल शहरी वाचकाला फारसे ठाऊक नसते. रब्बी आणि उन्हाळी हंगामाआधी तिची बैठक होते, धरणातल्या साठ्यावरून किती आवर्तने (पाणी सोडण्याच्या पाळ्या), कधी, किती दिवसांची हे तिथे ठरते. टेलच्या आमदाराने तिथे एकच गोष्ट लावून धरायची : सोडणे ‘टेल टू हेड’ होईल, म्हणजे शेवटच्या वितरिकेला आधी. ठराव होतो, अंमल होत नाही. कारण वरच्या भागात रात्री दारे उचलली जातात, सायफन टाकले जातात, आणि कालवा निरीक्षकांची पदे रिकामी असतात. म्हणून आवर्तनाच्या काळात गावचे लोक कालव्यावर पाळीने बसवावे लागतात. हे संघटनेचे काम आहे, पत्राने होत नाही.

लिफ्टच्या, म्हणजे पाणी उपसून वर नेणाऱ्या, योजनांना आणखी एक रोग आहे, वीजबिल. पाणी उचलायला वीज, वीजबिल थकले की पंप बंद, पंप बंद म्हणून शेतकरी पाणीपट्टी भरत नाही, पाणीपट्टी नाही म्हणून बिल थकते. कित्येक वर्षे हे बिल टंचाई निधीतून भरून आवर्तन सोडण्याची पद्धत होती. म्हणजे दुष्काळ जाहीर झाला तर पाणी, नाही तर नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळला बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, हे सूत्र आल्यावर हे चक्र थोडे सैल झाले. टेंभूचे पाणी माण नदीत सोडून बंधारे भरणे, बुद्धेहाळसारखा तलाव भरून घेणे, हे दिसू लागले ते या दीर्घ खटाटोपानंतर.

आमसभेचे थोडक्यात. पंचायत समितीची वार्षिक आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते. बऱ्याच तालुक्यांत ती वर्षानुवर्षे होतच नाही, कारण लोक सगळ्यांसमोर विचारतात. ज्याला निवडणुकीआधी कुठे आग लागली आहे ते कळून घ्यायचे आहे, त्याने ती टाळू नये.

सत्तेतली थोडी वर्षे

१९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गणपतराव मंत्री होते. दुसऱ्या खेपेला पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. २००२ ला शेकापने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि हा अध्याय संपला.

रोजगार हमीचे सांगोल्याशी नाते मात्र खात्यापुरते नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी इथे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७७ च्या कायद्याने आणि २६ जानेवारी १९७९ पासूनच्या अंमलाने हक्क बनली. १९९० च्या सुमारास तिला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे, कलमे, खत, निगा यांचे अनुदान कोरडवाहू शेतकऱ्याला मिळू लागले आणि मुरमाड रानांत डाळिंब, बोर शिरले. सांगोल्याची आजची ओळख, भगव्या डाळिंबाची, त्यातूनच घडली. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली, ती याच मालासाठी. तेल्या आणि मर रोगाने पुढे बागा काढाव्या लागल्या, पण तो वेगळा विषय.

सूतगिरणीचाही उल्लेख हवा. तालुक्यात कापूस नाही, तरी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली, का तर पावसावर न अवलंबणारा पगार हवा होता. साखर कारखान्याच्या राजकारणात आमदार सभासदांच्या उसाच्या बिलात अडकतो. गिरणीत तसे होत नाही, पण कापसाचा आणि सुताचा भाव दोन्ही बाहेरचे, त्यामुळे चालवणे जास्त कठीण.

१९९५ : १९२ मते

१९९५ ला राज्यात काँग्रेसविरोधी वारे होते, ४५ अपक्ष निवडून आले, युतीचे पहिले सरकार आले. त्याच वर्षी सांगोल्यात मात्र काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. तालुक्यात यामागची किमान पाच कारणे सांगितली जातात आणि प्रत्येक जण आपले कारण छातीठोकपणे सांगतो. एवढ्या फरकात कोणतेही एक कारण सिद्ध होत नाही. ९७ माणसांनी शिक्का पलीकडे मारला असता तर निकाल फिरला असता. ९६ जणांनी मारला असता तर मते समसमान, आणि मग लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी.

तेव्हा मतपत्रिका होत्या. शिक्का दोन रकान्यांमधल्या रेषेवर, शाई घडीवर उमटलेली, दोन ठिकाणी शिक्के, कोरी पत्रिका, अशी बाद मते विधानसभेच्या मतदारसंघात फरकापेक्षा जास्त निघणे सहज शक्य असे. म्हणून अशा मोजणीत टेबलावरचा प्रतिनिधी महत्त्वाचा. संशयित पत्रिका निर्णय अधिकाऱ्याकडे जाते तेव्हाच हरकत घ्यायची असते, बेरीज झाल्यावर आरडाओरडा करून उपयोग नसतो. फेरमोजणीचा अर्जही, नियम ६३ प्रमाणे, बेरीज जाहीर झाल्यावर आणि निकालपत्रावर सही होण्याआधी, लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो. त्यानंतर उरते ती उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, ४५ दिवसांच्या आत.

पुढच्या चार वर्षांत गणपतरावांनी पद नसताना तालुका सोडला नाही. पाणी परिषद चालूच होती. १९९९ ला ते परत आले आणि शहाजीबापूंना नंतर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा हार पत्करावी लागली. २०१४ ला, मोदी लाटेत, शिवसेनेच्या तिकिटावर उभ्या असलेल्या शहाजीबापूंवर गणपतरावांचे मताधिक्य २५ हजारांच्या घरात होते.

प्रचाराची घडण

शेकापची पद्धत गावातल्या घरांवर चालणारी. वर्गणी, मुक्काम, भाकरी, गाडी, सगळे गावातून. उमेदवार एसटीने फिरतो ही प्रतिमा खरी होती आणि उपयोगीही. मात्र आजच्या नियमांत अशा प्रचाराचा हिशेब ठेवणे पैशाच्या प्रचारापेक्षा किचकट आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०१९ ला विधानसभेची खर्चमर्यादा २८ लाख होती, २०२४ ला ४० लाख. कार्यकर्त्याने फुकट दिलेली जीप, घरून आलेले दोनशे माणसांचे जेवण, उधार आणलेला मंडप, या सगळ्याला जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकाने किंमत लागते आणि ती खर्चात धरली जाते. स्वतंत्र बँक खाते हवे, एका व्यक्तीला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही, प्रचारकाळात तीनदा नोंदवही तपासून घ्यायची, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दाखल. निरीक्षकाच्या छायावहीत, म्हणजे त्याने स्वतंत्र ठेवलेल्या खर्चनोंदीत, सभेची खुर्ची मोजलेली असते. ‘आमच्याकडे खर्चच नाही’ म्हणणारा उमेदवार नोटिशीत अडकतो तो इथे.

अर्जाच्या टप्प्यावरही लहान पक्षाचे जास्त काम. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. ज्याच्या पक्षाला मान्यता नाही त्याला मतदारसंघातले दहा लागतात, आणि एकाचा यादीभाग क्रमांक चुकला तर मोजून दहाच आणलेल्याचा अर्ज छाननीत बाद होतो. शहाणे लोक म्हणून एकाहून जास्त अर्ज भरतात (चारपर्यंत चालतात) आणि प्रत्येकावर वेगळे सूचक घेतात. शपथपत्राचा, म्हणजे नमुना २६ चा, एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. लागू नसेल तर तसे लिहायचे.

२०१९ : ७६८ मते

त्या वर्षी अर्जाची शेवटची तारीख ४ ऑक्टोबर, माघार ७ ऑक्टोबर, मतदान २१ ला. म्हणजे चिन्ह हातात आल्यापासून प्रचाराला जेमतेम दोन आठवडे. गणपतरावांनी थांबायचे ठरवले. पक्षाने आधी दुसरे नाव पुढे केले, कार्यकर्ते बिथरले, आणि शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख उमेदवार झाले. समोर शिवसेनेचे शहाजीबापू, पाठीशी युती. राष्ट्रवादीतले दीपक साळुंखे यांचे वजनही त्या वेळी शहाजीबापूंच्या पारड्यात गेले. निकाल : शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६.

दोघांची मिळून १,९८,१६० मते आणि फरक ७६८. साधारण तीनशे केंद्रे धरली तर केंद्रामागे अडीच मते. ३८५ मतदार इकडून तिकडे गेले असते तर निकाल उलटा. अशा निकालावर ‘सहानुभूती कमी पडली’ किंवा ‘लाट होती’ असे बोलणे फुकाचे. मोठ्या कारणांनी लढत बरोबरीला आणली, शेवटची ७६८ मते ठरली कारभाराच्या बारकाव्यांनी. उमेदवारीचा घोळ हा त्यातला सर्वांत दिसणारा बारकावा. गणपतराव उमेदवार असताना गावातल्या पुढाऱ्याला विचारावे लागत नसे, तो आधीच कामाला लागलेला असे. नाव बदलले की तो चार दिवस थांबतो, कोण कोणाचा माणूस ते पाहतो. चौदा दिवसांतले चार दिवस गेले की मतदार यादीचे काम राहते.

ते काम काय असते? यादीभाग घेऊन घरटी खुणा करायच्या : मयत, स्थलांतरित, दुबार, नवमतदार. नमुना ६ ची नवी नावे अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंतच उपयोगी पडतात, त्यामुळे उमेदवार उशिरा ठरला की ती संधी गेलेलीच असते. माणदेशातली माणसे मुंबई-पुण्यात आहेत, मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. ऑक्टोबरचे मतदान म्हणजे मेंढपाळांचे काही वाडे (तळ) हललेले. त्यांना आणायला गाडी केली तर कलम १२३(५) खाली भ्रष्ट आचार, निवड रद्द होऊ शकते. म्हणजे निरोप लवकर जाणे हाच एक उपाय, आणि निरोप देणारा माणूस आपला हवा.

मतदानाच्या दिवशी केंद्रावरचा प्रतिनिधी नव्वद मिनिटे आधी, अभिरूप मतदानाला, हजर असावा. संध्याकाळी केंद्राध्यक्षाची सही असलेली, केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब देणाऱ्या नमुना १७-सी ची प्रत घेतल्याशिवाय हलू नये. मोजणीला टेबलवर यंत्राचा क्रमांक, मोहोर आणि एकूण मते या प्रतीशी ताडून पाहायची असतात. चौदा टेबलांवर एकवीस-बावीस फेऱ्या होतात, दुपारपर्यंत प्रतिनिधी दमतात, जेवायला उठतात. टपाली मतांकडे तर कोणी पाहतच नाही. बाद टपाली मते फरकापेक्षा जास्त असतील तर त्यांची फेरपडताळणी सक्तीची आहे. ७६८ च्या फरकात हा नियम पाठ असलेला माणूस निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलाशी उभा असायलाच हवा. यंत्रात मत बाद होत नसल्यामुळे १९९५ सारखी पत्रिकेवर झटापट उरलेली नाही. लढत आता मोजणीच्या आधीच, यादीवर होते.

२०२४

शहाजीबापू २०२२ ला एकनाथ शिंदेंबरोबर गेले आणि गुवाहाटीतून केलेल्या फोनमुळे, त्या झाडी-डोंगार-हाटीलमुळे, राज्यभर पोचले. सत्तेत असल्याने सांगोला उपसा सिंचनासारख्या जुन्या फायलीही हलल्या. प्रसिद्धी आणि फाइल, दोन्ही होते. तरी नोव्हेंबर २०२४ ला शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे दुसरे नातू, त्यांच्यापेक्षा २५ हजारांहून अधिक मतांनी पुढे राहिले.

याला ‘वारसा परत आला’ म्हणणे अर्धे खरे. महाविकास आघाडीत जागा कोणाची यावर शेवटपर्यंत तिढा होता, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने दीपक साळुंखेंना उभे केले, आणि त्यांनी पन्नास हजारांच्या आसपास मते घेतली. २०१९ ला जी मते शहाजीबापूंकडे एकत्र होती ती दोन वाटांनी गेली. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरते. पण शेकापचा स्वतःचा आकडाही वाढून लाखाच्या वर गेला, तो केवळ फुटीने वाढत नाही. 

२८८ च्या सभागृहात या वेळी शेकापचा हा एकच आमदार. एकांड्या सदस्याला कामकाज सल्लागार समितीत जागा मिळत नाही, चर्चेत वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो म्हणून बोलण्याची पाळी शेवटी आणि दोन-चार मिनिटांची, तीही सभागृह रिकामे होत आले असताना. प्रश्न मात्र संख्याबळावर नसतात. तारांकित प्रश्न सोडतीने लागतात आणि सोडतीत एकट्याची चिठ्ठी दुसऱ्या कोणाच्याही चिठ्ठीइतकीच जड. न लागलेल्या प्रश्नालाही लेखी उत्तर येते. टेंभूच्या विस्तारात सांगोल्याची नेमकी कोणती गावे, कोणत्या वितरिकेवर, किती तरतुदीने धरली आहेत, हे त्या उत्तरातून काढून घेऊन ते कालवा समितीच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवायचे, एवढा मार्ग तरी एका आमदाराला मोकळा आहे.